कोळी ओढत नेणारी गांधीलमाशी दिसली की पुढचा तासभर काय आणि कसं बघायचं

काळी किंवा निळसर चमकणारी एक सडपातळ माशी उलटी चालत चाललीय आणि जबड्यात धरलेला, तिच्याहून मोठा कोळी फरफटत नेतेय, हे बऱ्याच जणांनी एकदा तरी बघितलेलं असतं. मोबाईलवर त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला जातो, चार जण बापरे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मला दरवेळी हळहळ वाटते, कारण त्या वीस सेकंदांच्या आधी एक अख्खी शिकार होऊन गेलेली असते आणि नंतर अजून अर्धा-पाऊण तास काम बाकी असतं, आणि ते सगळं उघड्यावर, आपल्या पायाशी चाललेलं असतं. पुढे काय होणार हे माहीत नसतं म्हणून आपण उठून जातो. ते माहीत असावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ही माशी एका अंड्यासाठी एकच कोळी आणते. एक खोली, एक कोळी, एक अंडं. अळीला जन्मल्यापासून कोष विणेपर्यंत जे काही खायला मिळणार ते त्या एका कोळ्यातच. म्हणून कोळी मोठा लागतो, मोठा म्हणून बहुतेक वेळा उचलून उडता येत नाही, उडता येत नाही म्हणून ओढावा लागतो, ओढायचा म्हणून घरटं फार लांब परवडत नाही, आणि ओढण्यात वेळ जातो म्हणून चोर मागे लागतात. पुढे कुठलीही पायरी बघताना कोड्यात पडलात तर हे एक-कोळी-एक-अंडं आठवा, उत्तर बहुतेक तिथेच सापडतं.

पहिली पायरी: तीच माशी आहे का ते बघा

शास्त्रीय भाषेत या माश्यांच्या कुळाला पॉम्पिलिडी म्हणतात आणि जगभरात त्यांच्या सुमारे ५००० जाती नोंदलेल्या आहेत. मी आपलं सोयीसाठी तिला कोळीमार माशी म्हणतो. काही जाती मुंगीपेक्षा थोड्याच मोठ्या तर काही थेट ५ सेंटीमीटरपर्यंत. रंग बहुधा काळा किंवा गडद निळा, काहींच्या पोटावर लाल-नारिंगी पट्टा, काहींचे पंख धूरकट तर काहींचे भगवे. रंगावर फार विसंबू नका, चालीवर विसंबा. ही माशी स्वस्थ बसतच नाही. चार पावलं धावते, पंख झटकते, मिशा थरथरवते, छोटीशी उडी मारून पुढे उतरते, परत धावायला लागते. पाय लांबलचक आणि काटेरी, मागचे पाय तर इतके लांब की गुडघे पोटाच्याही वर आलेले दिसतात. मादीच्या मिशा बऱ्याचदा टोकाला गुंडाळलेल्या असतात, नराच्या सरळ. शिकार, खणणं, घरटं सगळं मादीच करते, डंखही तिलाच असतो, नर फुलांवर आणि माद्यांच्या मागे.

गोंधळ होतो तो कुंभारीण माशीशी. तीही कोळीच आणते, भिंतीवर मातीचं घर बांधते, पण तिची कंबर दोऱ्यासारखी लांब आणि बारीक असते आणि ती एकेका खोलीत बारके बारके बरेच कोळी कोंबते. कोळी लहान असल्यामुळे ती ते उडत आणू शकते. म्हणजे हवेतून छोटा कोळी घेऊन आलेली बारीक कंबरेची माशी दिसली तर ती बहुतेक कुंभारीण, आणि जमिनीवर मोठा कोळी घेऊन धडपडणारी असेल तर आपली कोळीमार. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

दुसरी पायरी: वेळ, जागा आणि बसायची पद्धत

ऊन लागतं. कोळीमार माश्या गरम हवेत कामाला येतात, ढगाळ किंवा थंड सकाळी त्यांच्यासाठी बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ऊन चढल्यापासून ते उतरायला लागेपर्यंतचा वेळ सगळ्यात चांगला. जागा म्हणाल तर गवत कमी असलेली उघडी माती, वाळू, पायवाटेच्या कडा, मातीचा उभा कापलेला उतार, दगड रचलेली जुनी भिंत, पडलेलं लाकूड. जिथे जमिनीवर धावणारे कोळी भरपूर तिथे या येणारच. कुठे शोधावं हे अजिबातच सुचत नसेल तर फुलांपासून सुरुवात करा, कारण पूर्ण वाढलेल्या माश्या स्वतः मकरंदच पितात, कोळी अळीसाठी. छत्रीसारखे पसरट गुच्छ असलेली बारीक फुलं त्यांना सोपी पडतात. रुईच्या कुळातल्या झाडांवर पण येतात, दक्षिण आफ्रिकेत तर त्या कुळातल्या काही जातींचं परागीभवन जवळजवळ पूर्णपणे या माश्यांवरच अवलंबून आहे.

सोबत घड्याळ, वही, पेन्सिल आणि मोबाईल एवढं पुरतं. मोबाईलचा फोकस लॉक करायला शिकून ठेवा, नाहीतर तो माशीऐवजी मागच्या गवतावर जातो. अंतर साधारण दीड-दोन मीटर ठेवा आणि तुमची सावली तिच्यावर पडणार नाही अशा बाजूला बसा, सावली पडली की ती बिचकते. एकदा बसलात की हलू नका. आणि एक फार महत्त्वाचं, आजूबाजूच्या वस्तू हलवू नका. खूण म्हणून दगड ठेवणं, आड येणारं पान काढून टाकणं, असलं काही करायचं नाही. का ते सांगतो. निको टिनबर्गन नावाचे डच शास्त्रज्ञ, ज्यांना १९७३ साली नोबेल मिळालं, त्यांनी १९३० च्या दशकात मधमाश्या पकडणाऱ्या एका गांधीलमाशीवर प्रयोग केला. ती दुसऱ्या कुळातली आहे पण जमिनीतच घरटं करते. त्यांनी घरट्याच्या तोंडाभोवती पाइनच्या फळांचं गोल रिंगण मांडलं, माशी आत असताना, मग ती बाहेर पडून निघून गेल्यावर तेच रिंगण थोडं बाजूला सरकवलं. परत आलेली माशी थेट रिंगणाच्या मध्यावर उतरली, घरटं शेजारीच उघडं होतं तरी तिला सापडेना. म्हणजे या माश्या आसपासच्या खुणा पाठ करतात. आपण प्रेमाने हलवलेला एक दगड तिचं घर हरवू शकतो. मी स्वतः सुरुवातीला घरट्याशेजारी काडी रोवून ठेवायचो, आता वहीत चित्र काढतो.

तिसरी पायरी: शोध कसा चाललाय ते ओळखा

मोकळी, काही न ओढणारी मादी जमिनीवर नागमोडी धावताना दिसली तर तिच्या मिशांकडे बघा. मिशा सतत जमिनीला टेकवत, फटींमध्ये घालत ती चालली असेल तर ती शिकारीवर आहे. ती वासाचा माग काढते, म्हणून एकाच हातभर जागेत पुन्हा पुन्हा फिरते. दगडाखाली शिरेल, दुसऱ्या बाजूने बाहेर येईल, परत शिरेल. या वेळी तिच्यामागे धावू नका, ती ज्या पट्ट्यात फिरतेय त्याच्या कडेला बसा.

प्रत्येक जात सगळेच कोळी पकडत नाही. काही जाती फक्त जमिनीवर धावणाऱ्या लांडगा कोळ्यांच्या मागे असतात, काही चक्राकार जाळं विणणाऱ्यांच्या, काही बिळात राहणाऱ्यांच्या. एपिसायरॉन गटातल्या माश्या जाळ्यातल्या कोळ्यांवर जातात आणि ही शिकार बघायला जबरदस्त असते, कारण माशीने जाळ्याला धक्का दिला की कोळी बऱ्याचदा धागा सोडून टपकन खाली जमिनीवर पडतो आणि निपचित पडून राहतो, मग माशी खाली उतरून पानापाचोळ्यात त्याला शोधत बसते. बिळातल्या कोळ्यांच्या बाबतीत ती सरळ बिळात शिरते किंवा दाराशी हालचाल करून कोळ्याला बाहेर यायला लावते. पाण्याकाठच्या कोळ्यांची शिकार करणारी ॲनोप्लियस गटातली एक जात तर पाण्याखाली लपलेल्या कोळ्याला बाहेर काढते आणि नंतर लुळा झालेला कोळी पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढत काठाला आणते. पाण्यावर तरंगत असल्यामुळे ओझं हलकं होतं, जमिनीवर तेवढंच अंतर जायला तिला किती कष्ट पडले असते विचार करा.

कोळीही काही गप्प बसून राहत नाहीत. पळतात, पाय तोडून देतात, दबा धरतात, उलटून हल्ला करतात. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात एक कोळी आहे जो या माशीने गाठलं की पाय दुमडून वाळूच्या टेकडीवरून चाकासारखा गडगडत खाली जातो. पण माशी बहुतेक वेळा चिकाटीने जिंकते.

चौथी पायरी: झटापट आणि डंख

हा भाग सेकंदात संपतो, त्यामुळे शक्य असेल तर स्लो मोशन आधीच चालू ठेवा. माशी कोळ्याच्या खाली शिरायला बघते किंवा पायाला धरून त्याला उलटा करते, आणि पोट वाकवून डंख कोळ्याच्या खालच्या बाजूने, पायांच्या मुळांजवळच्या मऊ जागेत घालते. पाठीवर किंवा मागच्या मोठ्या पोटावर का मारत नाही? कारण कोळ्याचं मज्जासंस्थेचं केंद्र पुढच्या भागात, पायांच्या मधोमध एकवटलेलं असतं. तिथे विष गेलं की आठही पाय एकदम बंद. फ्रान्समधले कीटकनिरीक्षक झाँ-हेन्री फाब्र यांनी (१८२३ ते १९१५) या कुळातल्या एका माशीचं बारकाईने वर्णन केलंय, ती पहिला डंख कोळ्याच्या तोंडाजवळ मारून विषारी दात निकामी करते आणि मग निवांत दुसरा डंख छातीत. सगळ्या जाती असं दोनदा करत नाहीत, म्हणून डंख किती वेळा आणि कुठे बसला हे बघून लिहून ठेवण्यासारखं आहे.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. कोळी मेलेला नसतो. लुळा झालेला असतो. त्याचं हृदय चालू असतं, जवळून बघितलंत तर पायाचं टोक किंवा तोंडाजवळचे अवयव कधीकधी किंचित हलताना दिसतात. मेला असता तर जमिनीत दोन दिवसात सडला असता आणि अळीला खायला काही उरलं नसतं. जिवंत राहिल्यामुळे मांस ताजं राहतं, टॅरेंटुला नावाचे मोठे केसाळ कोळी तर असे लुळ्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे जगतात. काही जातींचं विष मात्र थोड्याच वेळापुरतं असतं, माशी अंगावर अंडं चिकटवून निघून जाते, कोळी परत उठून चालायला लागतो आणि अळी त्याच्या अंगावर बसून वाढते. अशा जाती घरटं बांधतच नाहीत. म्हणजे डंख मारून माशी कोळ्याला तिथेच सोडून गेली तर ती शिकार सोडून पळाली असं लगेच समजू नका, कोळ्याच्या पोटावर पांढरा ठिपका चिकटलाय का ते लांबून झूम करून बघा.

काही माश्या डंख मारल्यावर कोळ्याच्या तोंडाशी किंवा तुटलेल्या पायाशी तोंड लावून रस पितात. एवढ्या झटापटीनंतर थोडी ताकद भरून घेते म्हणायचं.

पाचवी पायरी: ओढाओढ

इथे बहुतेक लोक व्हिडिओ काढतात आणि इथूनच खरा तास सुरू होतो. आधी बघा की तिने कोळ्याला कुठे धरलंय. बहुतेक जाती पायाच्या मुळाशी किंवा तोंडाजवळ धरून उलट्या चालतात, त्यामुळे ओझं पुढ्यात आणि प्रवास पाठमोरा. दिसत काहीच नाही तरी दिशा चुकत नाही याचं मला अजूनही नवल वाटतं. मध्येमध्ये ती कोळी ठेवते, मोकळी पुढे धावते, परत येते, परत ओढते. ही रिकामी फेरी म्हणजे रस्ता तपासणं, किंवा आधीच बघून ठेवलेलं घरटं जागेवर आहे ना ते बघणं. घरटं अजून नसेल तर जागा शोधणं.

हा फरक ओळखता आला तर तुम्ही अर्धी लढाई जिंकली. काही जाती आधी शिकार करतात आणि मग घरटं खणायला जागा शोधतात, काही आधी घरटं तयार ठेवून मग शिकारीला निघतात. पहिल्या प्रकारात कोळी कुठेतरी ठेवावा लागतो आणि जमिनीवर ठेवला तर मुंग्या पळवतात. म्हणून ती कोळ्याला गवताच्या दोन पात्यांच्या बेचक्यात, झुडपाच्या फांदीवर उंच अडकवून ठेवते आणि खाली येऊन खणायला लागते. वाळूत राहणारी पॉम्पिलस सिनेरियस नावाची करडी माशी तर कोळ्याला तात्पुरतं वाळूत पुरून ठेवते. कारण तिच्या जातीतल्याच दुसऱ्या माद्या तो चोरतात, त्यावरून त्यांच्यात चक्क मारामाऱ्या होतात. तर झुडपात लटकवलेला लुळा कोळी दिसला आणि जवळ माशी नसेल तर त्याला हात न लावता दहा-पंधरा मिनिटं थांबा, मालकीण आसपास खणत असते.

उडत नेणाऱ्या जातींचा अपवाद म्हटलं होतं तो हा. ऑप्लोपस गटातल्या माश्या आणि त्यांच्या नात्यातल्या काही माश्या कोळ्याचे पाय जबड्याने कापून टाकतात. काही वेळा आठच्या आठ. उरलेला गोळा पोटाखाली धरता येतो, मग सरळ पुढे तोंड करून चालता येतं आणि थोडंफार उडताही येतं. भिंतीखाली किंवा खिडकीच्या कडेला कोळ्यांचे नुसते पाय पडलेले दिसले तर वर कुठेतरी तिचं मातीचं घर असण्याची चांगली शक्यता आहे.

सहावी पायरी: घरटं बघताना

जमीन खणणाऱ्या माश्या पुढच्या पायांनी माती मागे फेकतात, कुत्रा खणतो तशी, आणि मोठा खडा आला की जबड्यात धरून बाहेर काढतात. पुढच्या पायांवर लांब काट्यांची रांग असते, ती झाडूसारखी चालते. बोगदा फार खोल नसतो, मध्यम आकाराच्या जातींत बऱ्याचदा बोटाच्या लांबीएवढाच, शेवटी एक फुगीर खोली. तुम्ही बाहेर बसून काय मोजू शकता तर तिचं शरीर कधी पूर्ण दिसेनासं झालं ती वेळ, माती बाहेर येणं कधी थांबलं ती वेळ, आणि किती वेळा ती खणणं सोडून कोळ्याला बघून आली. या तीन गोष्टी लिहिल्यात तरी ती नोंद खूप उपयोगाची होते. काही जणी अर्धं खणून जागा सोडून देतात, खाली दगड लागला असेल, मुंग्या आल्या असतील. दोन-तीन अर्धवट खड्डे शेजारी शेजारी दिसले तर ते त्याचमुळे.

खणायचे कष्ट न घेणाऱ्याही आहेत. काही कोळ्याला त्याच्याच बिळात पुरतात, घर आणि जेवण एकाच ठिकाणी. टॅरेंटुला मारणाऱ्या पेप्सिस माश्या बऱ्याचदा हेच करतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने १९८९ साली या पेप्सिसला आपला राज्यकीटक केलं. काही जाती दगडाची फट, लाकडातलं भुंग्याचं जुनं भोक, बोरूची पोकळ काडी वापरतात. चीनमधल्या एका जंगलात संशोधकांनी अशा पोकळ काड्यांच्या जुड्या टांगून ठेवल्या होत्या, त्यात एका नव्या जातीची घरटी सापडली आणि २०१४ साली तिचं नाव डॉयटेराजेनिया ओसॅरियम ठेवलं गेलं. हिने आतल्या खोल्यांत कोळी ठेवलेले, आणि सगळ्यात बाहेरची खोली मेलेल्या मुंग्यांनी भरलेली. मुंग्यांचा वास येत असल्यामुळे शत्रू तिकडे फिरकत नसावेत असा संशोधकांचा अंदाज, कारण आसपासच्या इतर माश्यांच्या तुलनेत तिच्या घरट्यांवर बांडगुळी कीटकांचा हल्ला कमी होता.

ऑप्लोपसची मातीची घरं म्हणजे छोट्या पिंपासारख्या खोल्या, एकीला एक चिकटलेल्या. ती पाणी तोंडात आणते, मातीत मिसळते, गोळी करते आणि पोटाच्या टोकाने थापून थापून लावते. कुंभारीण माशीच्या घरात तिने मातीचा जाड लेप दिल्यामुळे खोल्या वेगळ्या दिसत नाहीत, हिच्या दिसतात.

सातवी पायरी: आत नेणं, अंडं, आणि बुजवणं

कोळी बिळाच्या तोंडाशी आणला की ती आधी एकटी आत जाते, वळून तोंड बाहेर काढते आणि कोळ्याला पकडून आत खेचते. काही वेळा कोळी अडकतो, मग परत बाहेर, थोडं रुंद खणणं, परत प्रयत्न. आत गेल्यावर काही मिनिटं सगळं शांत. याच वेळात अंडं घातलं जातं, पांढरं, लांबट, कोळ्याच्या पोटावर चिकटवलेलं. आपल्याला ते दिसत नाही, पण त्या अंड्याबाबत आई आत एक निर्णय घेऊन बसलेली असते. या माश्यांमध्ये फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर होतो, आणि मादी कोळ्याचा आकार बघून ठरवते. मोठा कोळी मिळाला तर मुलगी, छोटा मिळाला तर मुलगा, कारण खणणं-ओढणं मुलीला करायचंय, तिला मोठं शरीर लागतं. म्हणून पाचव्या पायरीत कोळी माशीपेक्षा किती मोठा होता हे लिहायला विसरू नका, त्यावरून तुम्ही मुलगा की मुलगी याचा अंदाज बांधू शकता.

मग बुजवणं, आणि माझ्या मते पूर्ण क्रमातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे. ती माती आत ढकलते, पोटाचं टोक हातोडीसारखं भराभर आपटून दाबते, परत माती, परत आपटणं. जवळ शांत बसलात तर हालचाल इतकी वेगाची असते की पोट नुसतं थरथरल्यासारखं दिसतं. वर आल्यावर काही जाती काड्या, खडे, पानांचे तुकडे आणून टाकतात आणि जागा अशी मिसळून टाकतात की तुम्ही दोन सेकंद नजर हटवलीत तर सापडायची नाही. म्हणून ती बुजवायला लागली की लगेच फोटो काढा, शेजारच्या न हलणाऱ्या दोन दगडांसकट.

चोरांकडे लक्ष असू द्या

ओढाओढ चालू असताना मागे थोड्या अंतरावर घरमाशीसारखी एखादी करडी छोटी माशी थांबत थांबत येताना दिसली तर ती योगायोगाने आलेली नसते. या माश्या घरटं उघडं असताना आपल्या बारीक अळ्या आत सोडतात आणि त्या अळ्या कोळ्याला खातात. सेरोपॅलीस नावाची जात तर याच कुळातली, पण स्वतः शिकार करत नाही, दुसरीने ओढत आणलेल्या कोळ्याच्या श्वास घ्यायच्या फटीत गुपचूप आपलं अंडं घालून जाते. पुरणारीला पत्ताही लागत नाही. सेरोपॅलीसची अळी आधी पुरणारीचं अंडं संपवते आणि मग कोळी. इव्हाजेटीस ही तिसरी, ती बुजवलेलं घरटं वासाने शोधून उकरते, आतलं अंडं खाते, आपलं घालते आणि परत नीट बुजवून जाते. म्हणजे बुजवलेल्या जागी तासाभराने दुसरी माशी खणताना दिसली तर पहिलीच परत आली असं वहीत लिहू नका, आकार आणि रंग मिळतोय का ते आधी बघा.

जवळ किती जायचं

ही माशी स्वतःहून माणसाच्या मागे लागत नाही, पोळं नसतं त्यामुळे राखायला टोळी नसते. पण हातात धरली किंवा अनवाणी पायाखाली आली तर डंख मारते. मोठ्या पेप्सिसच्या डंखाला कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांच्या डंखांच्या वेदनेच्या मोजपट्टीवर ४ हा जवळजवळ सगळ्यात वरचा आकडा आहे, कळ भयंकर पण साधारण पाच मिनिटांत ओसरणारी. ज्यांना गांधीलमाशीची ॲलर्जी आहे त्यांनी पायात बूट घालून, लांबूनच बघावं. आणि कृपा करून कोळ्याला सोडवायला जाऊ नका. तो बहुधा उठणार नाही, आणि माशीची सगळी मेहनत वाया जाईल.

आठवी पायरी: जमिनीखाली काय चाललंय आणि परत कधी यायचं

गरम हवेत अंडं साधारण दोन ते चार दिवसांत फुटतं. अळी आधी बाहेरूनच कोळ्याच्या अंगातला रस शोषते, कात टाकत मोठी होत जाते आणि जीवनावश्यक अवयव शेवटपर्यंत शाबूत ठेवते, म्हणजे कोळी जास्तीत जास्त दिवस जिवंत आणि ताजा राहतो. शेवटी राहिलेलं सगळं खाऊन रेशमी कोष विणते. त्यानंतर हवा अनुकूल असेल तर काही आठवड्यांत नवी माशी, नाहीतर थंडी किंवा कोरडा काळ कोषातच काढून पुढच्या मोसमात.

जमिनीतलं घरटं उकरून बघायचा मोह होईल, तो टाळा. त्याऐवजी पोकळीत राहणाऱ्या जातींसाठी बोरूच्या किंवा बांबूच्या बारीक काड्या, एका टोकाला गाठ असलेल्या, आतून ६ ते ८ मिलिमीटर रुंद आणि वीतभर लांब, अशा वीस-पंचवीस एकत्र बांधून पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी आडव्या घट्ट बसवा. वाऱ्याने हलता कामा नयेत. सगळ्याच काड्यांत कोळीमार येईल असं नाही, इतर एकट्या राहणाऱ्या माश्या पण येतात, पण तोंड बंद झालेली काडी दिसली की तारीख लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदा नजर टाका.

भिंतीवरच्या मातीच्या खोल्यांचंही तसंच, फक्त तिथे भोकाचा आकार बघायचा. खोलीच्या टोकाला एकच गोल, स्वच्छ कातरलेलं भोक असेल तर कोळीमार पोरगी किंवा पोरगा सुखरूप बाहेर पडला. टाचणीच्या टोकाएवढी एक-दोन बारीक भोकं असतील तर आत कुणीतरी दुसरंच वाढलं. आणि अजिबात भोक नसेल तर ती खोली फोडू नका, पुढच्या मोसमाचं ऊन तापायला लागलं की परत जाऊन बघा.